चार पिंपं भंगार

विद्यापीठाच्या फाटकातून त्या सकाळी चारशे माणसं आत शिरली. त्यातली तीनशे शहाण्णव उजवीकडे सभागृहाकडे वळली आणि वायसरच्या घरची चार तेवढी डावीकडे.

सभागृहात कुलगुरूंचं भाषण होतं, पडद्यावर चित्रफीत होती, चहासुद्धा होता. अप्पांनी मात्र पहारेकऱ्याला एकच विचारलं, "वर्कशॉप कुठं आलं?"

पहारेकरी म्हणाला, आजोबा, आधी स्वागत आहे, मग माहिती, मग बाराला सगळ्यांना एकदम फिरवून आणणार आहेत.

"स्वागत होईल सावकाश," अप्पा म्हणाले. "आधी भंगार बघू."

पहारेकऱ्यानं आईकडे पाहिलं आणि आईनं आभाळाकडे. बावीस वर्षं ती या घरची सून होती. कुठं बोलायचं आणि कुठं आभाळ बघायचं, हे तिला आता पाठ झालं होतं. आत्या तर बाण मारलेल्या पाटीकडे बघत केव्हाच चालायला लागली होती.

वायसर सगळ्यांच्या मागून निघाली. हे नाव तिला दोन वर्षांची असताना पडलं. लोखंड कातायच्या घरच्या दुकानातला एक वायसर, नटाखाली बसते ती चकती, तिनं गिळला आणि दोन दिवस अख्ख्या घरानं कामधंदा सोडून त्याची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा अप्पांनी तो धुतला, मायक्रोमीटरनं मोजला आणि जाहीर केलं, "केसभरही झिजला नाही. चांगल्या मालाचा आहे." मुलगी कशी आहे, हे त्यांनी त्यानंतर विचारलं, असं आई आजही सांगते.

आज वायसरच्या पाठीवरच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक सगळ्यांना ठाऊक होती, दुसरी कुणालाच नाही. ठाऊक असलेली वस्तू म्हणजे एक अर्ज. दोन सरकारी विद्यापीठांत मेकॅनिकलला तिचं नाव लागलं होतं. अर्जावर दोन चौकोन होते, एकात खूण केली की दुसऱ्यातली जागा आपोआप सुटणार होती, आणि अर्ज घेणारी खिडकी आज चार वाजता बंद होणार होती.

एक विद्यापीठ घरापासून वीस मिनिटांवर. नवंकोरं, काचेचं. दुसरं हे, पाच तासांवरचं, दगडी, पणजोबांपेक्षाही म्हातारं.

आईचं मत घराजवळच्या बाजूनं होतं आणि ते तिनं महिनाभर रोज, कधी बोलून आणि कधी भांडी आपटून, सांगितलं होतं. आत्याचंही तेच, पण ती बोलायची नाही. दुकानातल्या दोन लेथपैकी दुसऱ्यावर रोज संध्याकाळी वायसरच उभी असायची आणि ती गेली तर तो लेथ रिकामा पडणार होता. बाबांचा कल दूरच्याकडे होता. पण आज तातडीचं काम आल्यामुळे ते दुकानात अडकले होते आणि त्यांचं मत फोनवर अवलंबून होतं. राहिले अप्पा. अप्पा भंगार बघितल्याशिवाय कशाबद्दलच मत देत नसत.

हा घराण्याचा नियम होता. पणजोबांनी अप्पांना सांगितलं होतं की मालकाचं तोंड बघू नकोस, त्याची भंगाराची पेटी बघ. ज्याच्या पेटीत बिघडलेलं काम कमी, तो कारागीर मोठा. अप्पांच्या दुकानातली पेटी बुटांच्या खोक्याएवढी होती आणि बहुतेक वेळा रिकामीच असायची. दुसरे लोक भिंतीवर पदकं लावतात, तसे अप्पा गिऱ्हाइकाला ती पेटी उघडून दाखवायचे.

चार दिवसांपूर्वी ते सगळे घराजवळच्या विद्यापीठात जाऊन आले होते. तिथल्या वर्कशॉपच्या फरशीत तोंड दिसत होतं. बारा लेथ एका ओळीत, पाहुणे येणार म्हणून बसवलेल्या मुलांसारखे. कोपऱ्यातली भंगाराची पेटी पूर्ण रिकामी. अप्पांनी तिच्या तळाशी बोट फिरवलं आणि ते स्वच्छ निघालं. "इथं काम कळणारी माणसं आहेत," ते म्हणाले. त्या रात्री आई महिन्यात पहिल्यांदा स्वस्थ झोपली. वायसरनं एका लेथच्या हँडलला हात लावायला मागितला तेव्हा तिला सांगण्यात आलं होतं की हात लावायचं तिसऱ्या वर्षी. हँडलांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. किती नवीन आहेत, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आता पाटीवरचा शेवटचा बाण संपला, आत्यानं एक जाडजूड दार ढकललं आणि चौघंही उंबऱ्यातच थांबली.

घरचं दुकान म्हणजे दोन लेथ, एक ड्रिल, एक खिडकी. वायसरला आजवर वाटत आलं होतं की लोखंडाचं जग साधारण तेवढंच असावं, फार तर दुप्पट. इथं छताकडे बघायला मान मोडेपर्यंत वर करावी लागत होती. वरच्या लांबलचक काचांतून उजेडाचे पट्टे तिरके खाली येत होते, आणि त्यांच्याखाली लेथ, मग लेथ, मग पुन्हा लेथ. काही इतके जुने की त्यांचे पाय सिंहाच्या पंजासारखे घडवलेले होते, काहींना पडदे आणि बटणं. वास मात्र घरचाच, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा. आपल्या घरचा वास कुणीतरी न विचारता उचलून आणला आणि शंभर पट करून इथं सोडला, असं तिला वाटलं.

"केवढं आहे गं," आत्या पुटपुटली. तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला, मोठ्या माणसांच्या घरात शिरल्यासारखा.

अप्पांचं लक्ष छताकडे नव्हतं. ते पेटी शोधत होते. पेटी नव्हतीच. भिंतीशी चार पिंपं होती, कमरेएवढी उंच, आणि चारही काठोकाठ भरलेली. एकातून तर तुकडे ओघळून खाली सांडले होते.

अप्पांनी वरचा एक तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि आत्याकडे दिला. पुढची दहा मिनिटं बापलेक त्या पिंपांतलं भंगार दुसऱ्याची पत्रं वाचावीत तसं वाचत होती. हा घाईत होता, शेवटचा काप जास्त घेतला. हिनं कापायचं टूल उंच लावलं. ह्यानं आटे पाडताना मधेच मशीन थांबवलं, बहुतेक जांभई आली असावी. ह्यानं तर, आत्या म्हणाली, उलट्या बाजूनंच सुरुवात केली आणि शेवटपर्यंत नेटानं केली, जिद्दीचं कौतुक आहे. वायसरला हसू येत होतं, पण अप्पांचा चेहरा तुकड्यागणिक उतरत चालला होता. आईचा त्याच गतीनं उजळत होता.

"चला," अप्पा शेवटी म्हणाले. "नाव मोठं आणि लक्षण खोटं. पेटीनं सांगितलं ते सांगितलं. पोरगी घराजवळ शिकेल."

आई लगेच म्हणाली की दीडची बस मिळेल.

वायसरला ती बस नको होती. आश्चर्य तिचं तिलाच वाटलं, कारण दार उघडेपर्यंत आपल्याला काय हवंय, हे तिलाच नीट माहीत नव्हतं. आता माहीत होतं. आणि अप्पांचं "पेटीनं सांगितलं" यापुढे त्या घरात आजवर कुणी काही बोललेलं नव्हतं.

"सापडलं का काही कामाचं?" मागून आवाज आला.

खाकी कोटातल्या एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला, हातांवर काळे डाग, धुऊनही न जाणारे. ते डाग बघूनच आत्यानं त्यांना ओळखीचं हसू दिलं. बाई म्हणाल्या, मी इथं शिकवते. एरवी पालक भिंतीवरचे फोटो बघतात, पिंपात हात घालणारे आज पहिलेच आले.

अप्पा स्पष्टवक्ते. त्यांनी सांगून टाकलं की एवढं भंगार त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"यंदा कमीच आहे," बाई म्हणाल्या. "नाहीतर पाच पिंपं होतात." मग त्यांनी एक तुकडा उलटा करून दाखवला. बुडाशी पंचानं आकडे ठोकले होते. ज्यानं बिघडवला त्याचा नंबर आणि तारीख. इथं बिघडलेलं काम लपवायचं नाही, स्वतःचा नंबर ठोकून पिंपात टाकायचं. शेवटच्या वर्षी निरोपाच्या दिवशी प्रत्येकानं आपला पहिला तुकडा शोधून काढायचा आणि तो का बिघडला, ते सगळ्यांपुढे सांगायचं. ज्याला सांगता येतं, त्याला आम्ही इंजिनियर म्हणतो, बाई म्हणाल्या.

अप्पांना हे पटलेलं दिसलं नाही. बिघडवायचं आणि वर त्यावर नाव घालायचं, म्हणजे चोरानं पत्ता ठेवून जाण्यासारखं झालं, असं ते आत्याला ऐकू जाईल इतपत म्हणाले.

तेव्हाच वायसरनं पिशवी उघडली आणि कुणालाच ठाऊक नसलेली दुसरी वस्तू बाहेर काढली.

आत्या पुढं आली. "अगं, खिळ्यावरून काढून आणलास?"

तो छापखान्याच्या यंत्राच्या शाफ्टचा, म्हणजे फिरत्या दांड्याचा, अर्धा तुकडा होता. बत्तीस वर्षं तो दुकानात खिळ्याला टांगलेला होता. अप्पांनी केलेला, आणि चौथ्या महिन्यात मोडलेला. अप्पांच्या हातचं मोडलेलं हे एकमेव काम, आणि तेही त्यांच्या हातामुळे मोडलं नव्हतं, असं घरात सगळे मानत. पुलापलीकडच्या पोलादवाल्यानं खराब माल दिला होता. तो अप्पांचा शाळेपासूनचा जिवलग. त्या दिवसानंतर अप्पा त्याच्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं घर आजही पोलाद आणायला तासभर लांब जातं, पूल टाळून. तुकडा टांगला होता तो पुरावा म्हणून.

"मला फक्त विचारायचं होतं, आतून कसा आहे तो," वायसर म्हणाली. तिचा आवाज चिरका निघाला, पण निघाला. "घराजवळच्या ठिकाणी पण विचारलं होतं मी. ते म्हणाले, अर्ज करा, प्रयोगशाळा तिसऱ्या वर्षाला."

बाईंनी तुकडा हातात घेतला, मोडलेलं तोंड उजेडात धरलं, चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं. काय दिसलं, ते मात्र सांगितलं नाही. "किती वाजेपर्यंत आहात?" त्यांनी विचारलं. "तासभर घासावं लागेल. मी घासणार नाही, हिनं घासायचं."

आईनं घड्याळ बघितलं. दीडची बस तिथंच सुटली.

मोडलेलं तोंड शाबूत ठेवून बाईंनी त्याच्या मागची एक चकती पाण्याखाली कापून घेतली आणि वायसरच्या पुढ्यात पॉलिश पेपरचे चौकोन मांडले. खरखरीत, मग कमी खरखरीत, मग त्याहून मऊ. पहिल्यावर एकाच दिशेनं घासायचं. दुसऱ्यावर चकती काटकोनात फिरवून घासायची, आधीचा एकही ओरखडा दिसेनासा होईपर्यंत. मग पुन्हा फिरवायची. अप्पा हाताची घडी घालून लांब उभे होते. तिसऱ्या पेपरला त्यांना राहवेना. "अंगठ्यावर जोर देऊ नकोस, एक बाजू उतरेल," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, हेच मी सांगणार होते. चौथ्या पेपरला अप्पा वायसरच्या शेजारच्या स्टुलावर बसलेले होते.

मग फिरती मखमल, तिच्यावर पांढरं पाणी. चकतीत छताच्या काचा दिसायला लागल्या, मग वायसरचं नाक, मग नाकावरचा घाम. एवढा आरसा झाल्यावर बाईंनी त्यावर कसलासा पातळ आम्लाचा थेंब सोडला आणि मनात आकडे मोजून चकती पाण्याखाली धरली. आरसा धुरकट झाला, श्वास सोडल्यासारखा. आत्या चुकचुकली. एवढी मेहनत केली आणि घालवली.

"आता बघ," बाई म्हणाल्या. "ज्यानं घासलं, त्यानं आधी बघायचं असतं."

वायसरनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

सुरुवातीला नुसताच उजेड होता. बाईंनी एक चाक फिरवलं आणि उजेडातून काहीतरी वर आलं. उंचावरून दिसावीत तशी शेतं होती. पांढरी शेतं, एकमेकांना बांधाला बांध लावून, एकही दुसऱ्यासारखं नाही. त्यांच्यात मधूनमधून काळसर शेतं, आणि त्या काळसर शेतांत नांगरट केल्यासारख्या रेघा, इतक्या बारीक की डोळा हलला तर हरवाव्यात. एका शेतात उभ्या, दुसऱ्यात तिरक्या, तिसऱ्यात वळलेल्या. तिनं चकती केसभर सरकवली. आणखी शेतं. पुन्हा सरकवली. संपतच नव्हती. बोटाच्या पेराएवढ्या त्या लोखंडात एक अख्खा मुलूख नांदत होता. बत्तीस वर्षं तो खिळ्याला लटकत होता आणि ती त्याच्याखाली बसून गृहपाठ करत होती.

"अप्पा," ती म्हणाली. तिनं नुसतं स्टूल सोडलं.

अप्पांनी चष्मा काढला, वाकले, डोळा लावला. मग हलले नाहीत. मागं कुणीतरी लेथ सुरू केला, बंद केला. आत्या एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. अप्पांचा एक हात टेबलाच्या कडेला होता आणि त्याची बोटं हळूहळू हलत होती, टूलचा दांडा फिरवताना हलतात तशी.

"मी ह्यातून टूल नेत होतो?" त्यांनी डोळा न काढता विचारलं.

बाई हो म्हणाल्या.

"एवढ्या... ह्या सगळ्यातून? पन्नास वर्षं?"

"हो, आजोबा."

अप्पा मागे सरकले. दोन्ही हात पँटला पुसले, पुन्हा पुसले, आणि मगच परत वाकले. आत्यानं बघितलं, मग आईनंही. नर्सिंग शिकताना आईनं रक्त असंच काचेखाली बघितलं होतं. ती एवढंच म्हणाली की रक्त बघितलं, त्या दिवशी मी जेवले नव्हते, भूक लागली होती तरी.

शेवटी अप्पांनी विचारायचं ते विचारलं. "ह्यात खराबी कुठं आहे?"

बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. "नाहीये. फार चांगला माल आहे हा. स्वच्छ. देणाऱ्यानं निवडून दिलेला असणार."

मग त्यांनी मोडलेलं तोंड वायसरच्या हातात ठेवलं आणि भिंग दिलं. त्या तोंडावर वलयं होती, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशी, एकात एक. ती लहान होत होत कुठं जातात बघ, बाई म्हणाल्या. वायसरचं नख वलयांवरून सरकत कडेपर्यंत गेलं आणि जिथं शाफ्टची जाडी एकदम बदलत होती, त्या आतल्या कोपऱ्यात थांबलं. कोपरा चाकूसारखा काटकोनी होता. तशा कोपऱ्यांबद्दल अप्पांची ख्याती होती. बाकीचे टर्नर तिथं गोलाई ठेवतात कारण त्यांना तितकी धार जमत नाही, असं अप्पा म्हणायचे.

"सगळा ताण तिथं गोळा होतो," बाई हळू म्हणाल्या. "रोज थोडं थोडं चिरत आलं. बाहेरून कुणाला दिसलं नसतं. त्या काळी इथल्याही निम्म्या लोकांना माहीत नव्हतं."

अप्पांनी तुकडा मागून घेतला आणि त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून उभे राहिले.

तीन वाजून पाच मिनिटांनी चौघं वर्कशॉपबाहेरच्या लाकडी बाकावर बसली होती. आईनं डबा उघडला आणि कुणी हात लावत नाही बघून पुन्हा मिटला. अर्ज वायसरच्या मांडीवर होता, दोन्ही चौकोन कोरे. अप्पांनी निकाल मागे घेतला नव्हता. तो बदलायच्या मनःस्थितीत ते नव्हते आणि मोडलेल्या माणसापुढं आपलं घोडं दामटायला तिचं मन घेईना. पण घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं.

"अप्पा," ती म्हणाली, "गेल्या वर्षी पिठाच्या गिरणीवाल्याचा बुश मी केला होता ना, तो दुसरा होता."

"दुसरा म्हणजे?"

"पहिला बिघडला. मी तो डब्यात घालून घरी नेला. आणि कपाटामागं टाकला." तिनं अर्ज मांडीवर सरळ केला. "एकच नाही. अकरा आहेत."

अप्पांनी मान वर केली. ते काही बोलणार, इतक्यात आत्याच बोलली, समोरच्या झाडाकडे बघत.

"मी कालव्यात टाकते."

"काय?"

"घरी जाताना वाटेत. तीस वर्षं झाली. तुम्ही पेटी दाखवता ना गिऱ्हाइकांना, मग त्यात टाकायचं कसं?" एवढं लांब वाक्य आत्या महिन्यातून एकदा बोलायची. तिनं ते पुढं ओढलं. "आणि कोपऱ्यात गोलाई पण देते मी. तुमची पाठ फिरली की. माझं एक काम असंच मोडलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं, तर त्याच दिवशी दोघांनाही कळलं असतं."

अप्पांनी आधी आत्याकडे पाहिलं, मग वायसरकडे. मग त्यांनी खिशातून फोन काढला, दुकानात बाबांना लावला आणि विचारलं की तू बिघडलेलं काम कुठं टाकतोस. पलीकडे लेथ बंद झाल्याचा आवाज आला.

"ताईनं सांगितलं का?" बाबांनी अंदाज घेतला. "ती कालव्यात टाकते. मी आपला मागच्या विहिरीत."

"म्हणून पंप खडखडतो," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

आई पहिल्यांदा हसली. तोंडावर रुमाल धरला तरी खांदे हलत राहिले. मग आत्या, मग वायसर. अप्पा हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीचं एक टोक त्यांच्या परवानगीशिवाय हललं.

"म्हणजे आपली पेटी रिकामी..." ते म्हणाले.

"तुमच्या धाकानं रिकामी होती, अप्पा," आई म्हणाली. बावीस वर्षांत तिनं त्यांना असं सरळ काही सांगितलं नव्हतं, आणि आता आभाळाकडेही बघत नव्हती. "त्या काचेच्या कॉलेजातली कशानं रिकामी आहे, ते हिलाच विचारा. हिनं प्लास्टिक बघितलंय हँडलांवरचं. मीसुद्धा बघितलं होतं. बोलले नाही, कारण मला तेच सोयीचं होतं."

वायसरनं अर्जावरून मान वर केली.

"पाच तास लांब आहे," आई पुढं म्हणाली, आता तिच्याशी. "तुला ताप आला तर मला पोचायला पाच तास लागतील. ते मला अजून पटलेलं नाही आणि पटणारही नाही. पण आज तू तासभर गप्प होतीस. झोप सोडली तर अठरा वर्षांत तुला एवढा वेळ गप्प मी बघितलेलं नाही." तिनं डब्याचं झाकण उगीच घट्ट केलं. "खिडकी बंद होईल. अप्पांना विचार आणि जा."

वायसरनं आत्याकडे पाहिलं. दुसऱ्या लेथबद्दल विचारायची तिला हिंमत होईना. आत्यानं ते ओळखलं आणि म्हणाली की लेथला काही होत नाही, त्यावर चादर टाकून ठेवू, तो कुठं पळून जातोय.

आता अप्पा राहिले. चारला वीस मिनिटं होती. त्यांनी अर्ज हातात घेतला, दोन्ही चौकोन नीट बघितले, एखाद्या कामाचं माप बघावं तसे. मग अर्ज परत दिला आणि खिशातलं पेन टोपण काढून पुढं केलं.

"माझं माप चुकीचं होतं," ते म्हणाले. "तुझ्या मापानं कर."

वायसरनं खूण केली आणि धावत सुटली. जिना, व्हरांडा, पुन्हा जिना, कुठल्यातरी दगडी कमानीखाली जोडा निसटला, तो हातात घेऊनच ती खिडकीशी पोचली. आतल्या बाईंनी खूण बघितली, शिक्का मारला आणि एका चिठ्ठीवर तिचा नंबर लिहून दिला. तो तिनं परत येईपर्यंत सातदा वाचला. दोनशे चौदा. वर बघितलं तर तिरका उजेड त्या सगळ्या जुन्या दगडांवर पसरला होता. आतमध्ये, अगदी आत, त्यांतही कदाचित शेतं असतील, असं तिला वाटलं, आणि ती एका जागी उभी राहिली, जोडा हातात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत.

ती वर्कशॉपमध्ये परतली तेव्हा अप्पा मशीनजवळ होते आणि बाई शाफ्टचे उरलेले दोन भाग पुसत होत्या. मोडलेलं तोंड असलेला भाग अप्पांनी रुमालात गुंडाळला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. हा पुलापलीकडं दाखवायचा आहे, ते आत्याला म्हणाले, बस आधी तिथं थांबते का, विचारून घे. आत्यानं त्यांच्या कोटाची बटणं लावून दिली, एरवी ती असलं काही करत नसे.

दुसरा भाग अप्पांनी स्वतः पिंपापर्यंत नेला आणि काठाशी थबकले.

"पंच आहे का?" त्यांनी विचारलं. "नंबर ठोकल्याशिवाय टाकायचं नाही म्हणालात."

बाईंनी ठशांची पेटी आणि हातोडी आणून दिली. अप्पांनी आधी तारीख ठोकली, बत्तीस वर्षांपूर्वीची, ती त्यांना आठवावी लागली नाही. मग ठसा हातात धरून ते वळले.

"मला नंबर नाही," ते म्हणाले.

वायसरनं चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती वाचली, मान हलवली, परत दिली. तो तुझा, तुला लागेल, म्हणाले, आणि बघ, लवकर लागेल. मग पेटीत शोधून त्यांनी एकचा ठसा उचलला, लोखंडावर सरळ धरला आणि एकाच ठोक्यात बसवला.

"वर्ष पहिलं," त्यांनी बाईंना सांगितलं, आणि तुकडा पिंपात सोडला.